रेघ मारलेला नंबर

आमच्या प्रतापनगरच्या घराच्या फाटकावर दोन नंबर आहेत. वर ४३ आणि त्याच्यावर एक आडवी, सरळ रेघ. खाली ६१. लेआउट नियमित झालं तेव्हा प्लॉटचे नंबर बदलले. शेजारच्या सगळ्यांनी जुना नंबर खरवडला, वरून रंग फासला आणि नवा लिहिला. बाबांनी तसं केलं नाही. त्यांनी पट्टी लावून जुन्या नंबरावर रेघ ओढली आणि त्याच्या बरोब्बर खाली, त्याच उंचीचे आकडे काढले. पोस्टमन, गॅसवाला, मतदार यादीवाले, प्रत्येकानं एकदा तरी विचारलं आहे, "काकाजी, वरचा पुसून का नाही टाकत?" बाबा म्हणतात, "कायले पुसू? होता न तो."

या वाक्याच्या मागे त्यांची सदतीस वर्षांची नोकरी आहे, आणि ताईचं कॉलेजही आहे. त्याबद्दल आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. मी आता लिहितो आहे, कारण बाबांनी ऐंशी ओलांडली आणि मागच्या दिवाळीच्या आधी अमेरिकेहून माझ्या भाच्याचा एक फोन आला. त्या फोनकडे येतोच, पण आधी मागचं सांगायला पाहिजे.

आमचं गाव काटोल तालुक्यातलं. आबाजींची दहा एकर कोरडवाहू आणि दोन पोरं. मोठे बाबा वावरात राहिले. बाबा नागपूरला आयटीआयमधून फिटर झाले आणि १९६५ साली वर्दीच्या नोकरीत आर्मरर म्हणून लागले. कोणत्या दलात, ते लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत. आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. शस्त्रागाराला तिकडे 'कोत' म्हणतात. बाबांचं सगळं आयुष्य त्या कोतीच्या जाळीच्या आत, एका लाकडी बाकासमोर गेलं. गावात आले की पोट्टे त्यांना घेरत आणि विचारत, "काका, किती डाकू मारले?" बाबा सांगत, "डाकू नाई मारले बापा, गंज मारला."

ते खरंच होतं. त्यांच्या बाकावर यायची ती थ्री नॉट थ्री. नळीचं भोक इंचाचे तीनशेतीन हजारांश, म्हणून ते नाव. मूळची ब्रिटिश ली-एनफिल्ड, १९०७ सालचं मॉडेल, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, वजन चार किलोच्या आसपास. बंगालात हुगळीच्या काठी इशापूरला जी रायफल फॅक्टरी आहे, तिथे ती वर्षानुवर्षं बनली. दोन्ही महायुद्धांत हीच होती. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर इशापूरनं जवळपास याच धाटणीची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी बनवली, म्हणजे साठ वर्षांनंतरही मूळ सांगाडा तोच. याच रायफलीची नळी साफ गुळगुळीत करून, एका वेळी एकच गोळी भरता येईल अशी चारशेदहाची मस्कट केली. ती पहाऱ्यावरच्या लोकांना दिली जायची. बाबा म्हणत, "बैलजोडी बदलली, धुरकरी बदलला, पण बंडी तेच."

आता नंबराचं. हे कळलं नाही तर पुढचं सगळं वाया.

रायफलीच्या अंगावर एका जागी नंबर नसतो. जिथे नळी बसते त्या लोखंडी बॉडीवर असतो, नळीवर असतो, बोल्टच्या दांडीच्या मागे असतो, नेम धरायच्या मागच्या पट्टीवर असतो, तोंडाकडच्या टोपीवर असतो, अगदी पुढच्या लाकडाच्या खालीसुद्धा ठोकलेला असतो. एक अक्षर आणि पुढे आकडे. सगळीकडे तोच. कारण फॅक्टरीत हे भाग एकमेकांना जुळवून, कानस मारून बसवलेले असतात. सगळ्यात महत्त्वाचा बोल्ट. गोळी उडते तेव्हा मागचा सगळा धक्का बोल्टवर येतो, आणि तो बॉडीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी सारखा टेकला पाहिजे. एका घराची कडी दुसऱ्या घराच्या कोयंड्यात बसते, पण दार वाजतं. तसंच हे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत जाईल, फिरेलही, पण पुढे किती फट राहिली ते डोळ्यांना दिसत नाही. फट जास्त राहिली तर काडतूस आतच फाटू शकतं, आणि ज्याच्या गालाला ती रायफल लागलेली असते त्याचं काय होईल हे सांगायला नको. त्यासाठी गेज असतं, पोलादाचा एक छोटा तुकडा. बोल्ट त्याच्यावर बंद व्हायला नको. झाला तर तो बोल्ट त्या रायफलीचा नाही.

पण बोल्ट झिजतात, तडकतात, हरवतात. मग कोठारातला दुसरा आणायचा, गेज लावायचं, पुढचं डोकं बदलून बघायचं, खाचेत कुठे टेकतो ते पाहायचं. बसला की त्याच्यावरच्या जुन्या नंबरावर छिन्नीनं एक रेघ आणि खाली नव्या रायफलीचा नंबर. नंबर ठोकणं सोपं वाटतं, सोपं नाही. ठशाच्या संचात नऊच ठसे असतात, कारण सहाचाच ठसा उलटा धरला की नऊ होतो. घाई केली की सहाचा नऊ होतो आणि माणूस आयुष्यभर रजिस्टरात अडकतो. हातोडीचा ठोका एकच. दुसरा मारला की आकड्याला सावली येते. बाबा आकडे ठोकण्याआधी श्वास धरत. फाटकावरचे ६१ रंगवतानाही मी त्यांना श्वास धरलेला पाहिला आहे.

नंबर ठोकला की तिथलं लोखंड उघडं पडतं, चांदीसारखं चमकतं. पावसाळ्यात दोन दिवसांत ते लाल होतं. म्हणून ते पुन्हा काळं करायचं. मोठ्या कामाला फॅक्टरीतल्या टाक्या असतात, आणि पुष्कळदा सरळ काळा रंगच मारतात. आपल्याकडच्या कितीतरी थ्री नॉट थ्री अशा रंगानं काळ्या दिसतात. पण बाबांच्या उस्तादानं त्यांना जुनी रीत शिकवली होती. लोखंडाचा सगळा तेलकटपणा काढायचा, त्याला बोटसुद्धा लावायचं नाही, ओलसर हवेत ठेवून हलका लाल गंज चढू द्यायचा, आणि मग पाण्यात उकळायचं. लाल गंज उकळला की काळा होतो. वरची भुकटी तारेच्या ब्रशनं हळू काढायची, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. पाच-सात वेळा केलं की पावसाळी ढगासारखा निळसर काळा रंग येतो आणि तो लोखंडाचाच असतो, वरून लावलेला नसतो.

रायफलीचा पार्ट कोतीबाहेर नेणं शक्यच नव्हतं, पण ही रीत आम्ही घरी पाहिली ती गावच्या विळ्यांवर. उन्हाळ्यात गावाला गेलो की बाबा मोठ्या बाबांचे विळे, खुरपी, आजीचा अडकित्ता असे काळे करून द्यायचे. विदर्भात भात शिजवायच्या भांड्याला गंज म्हणतात. आजी ओरडायची, "माह्या गंजात गंज कायले उकळून राह्यला रे?" हा आमच्या घरचा कायमचा विनोद. पुण्याच्या पाहुण्यांना समजावून सांगावा लागतो आणि समजावला की त्यातली मजा जाते.

लाकडाला जवसाचं तेल. हे मात्र गावचंच असायचं. रब्बीत आमच्याकडे हरभऱ्याच्या कडेनं जवस असे. सकाळी निळी फुलं उघडत आणि दुपारपर्यंत गळून जात. जगभरच्या फौजांनी बंदुकीच्या दस्त्याला हेच तेल चोळलं आहे. आम्हाला जवस म्हणजे चटणी, हे तेव्हा कुठे माहीत! जवसाचं तेल इतर तेलांसारखं चिकट राहत नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि लाकडातच घट्ट होऊन बसतं. फक्त चोळलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवायचा नाही. आतल्या आत तापून तो आपोआप पेट घेतो. बाबा घरच्या खाटेच्या पायांना तेल लावत तेव्हाही चिंध्या दोरीवर एकेक वाळत घालत, आईच्या लुगड्याशेजारी. त्यावरून होणारी भांडणं वेगळी.

मोठ्या बाबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची एक जुनी बंदूक होती. रानडुकरं एका रात्रीत ज्वारी झोपवायची, रोही तर दिवसाढवळ्या यायचे. ती बंदूक बिघडली की मोठे बाबा म्हणायचे, "घरात आर्मरर असून मी दुकानात पैसे कायले देऊ?" बाबा हात लावत नसत. दस्त्याला तेल लावून देत, तेवढंच. "त्याले परवाना लागते, दादा. माह्याजवळ नाई." एकदा पलीकडच्या गावचा एक पैसेवाला मनुष्य रात्री बंदूक घेऊन आला. नंबराची जागा घासलेली होती. म्हणाला, फक्त एवढं काळं करून द्या, दिसू नये. आजीनं चहा ठेवला होता. बाबा चहा न घेता उठून वावरात निघून गेले आणि तो माणूस जाईपर्यंत परतले नाहीत. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम बंदुकीवरचा नंबर पुसणं, बदलणं, खोटा घालणं याला गुन्हा म्हणतं, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. त्या रात्री एवढंच कळलं की बाबा चहा सोडून गेले, आणि ते कधी चहा सोडत नसत.

कोत आतून मी एकदाच पाहिली, दसऱ्याला. शस्त्रपूजेच्या दिवशी घरच्या मंडळींना आत येऊ देत. रायफली ओळीनं मांडलेल्या, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, नारळ. साहेबांच्या पत्नीनं प्रत्येक रायफलीला कुंकू लावलं. बाबा मागे कोपऱ्यात चिंधी आणि तेलाची कुपी घेऊन उभे. कुंकवात ओल असते, ओलीनं गंज येतो. पूजा झाली की बाकीचे जिलेबी खायला गेले आणि बाबा एकेक रायफल पुसू लागले. मी आठ वर्षांचा असेन. मला दिसलं की कुंकू आकड्यांच्या खाचेत भरून राहिलंय आणि एरवी न दिसणारे नंबर लालभडक दिसताहेत. मी बॉडीवरचा वाचायचो, मग बोल्टवरचा. तोच, तोच, तोच. मग एक आला, त्यात वरच्या नंबरावर रेघ, खाली दुसरा.

"बाबा, हा चुकला का?"

"चुकला नाई रे. हा दुसऱ्या घरून आलेला आहे. आता इथचा झाला. पण कुठून आला ते लिहून ठेवाव लागते न."

मी विचारलं, आत्यासारखं का? बाबा हसले. "सुनेसारखं म्हण. आत्या तर गेली."

१९८४ चा उन्हाळा. बंदोबस्ताहून परत आलेल्या जवानांनी रायफली खोलून साफ केल्या आणि दोघांचे बोल्ट अदलाबदल झाले. हे नेहमी होतं, म्हणून तर परत घेताना नंबर ताडून पाहायचे असतात. एक रायफल ४७१८, दुसरी ४७८१. वाचून पाहा, घाईत दोन्ही सारखेच वाटतात. त्याच आठवड्यात जुन्या झिजलेल्या रायफलींचा एक लॉट डेपोत जमा व्हायचा होता. त्यात ४७८१ गेली, पोटात ४७१८ चा बोल्ट घेऊन. पेटी बंद होताना यादीवर सही बाबांची.

बाबांनी पेटीतली प्रत्येक रायफल उघडून पाहायला हवी होती. पाहिली नाही. त्या दिवशी सकाळी गावाहून निरोप आला होता की आबाजी पडले आणि उठत नाहीत. बाबांना दुपारची एसटी पकडायची होती. सही करून ते निघाले. आबाजींना अर्धांग झालं होतं. बाबांनी हे कारण पुढे कोणालाही सांगितलं नाही, चौकशीतही नाही. आईनं आम्हाला सांगितलं, तेही बाबा निवृत्त झाल्यावर.

तीन महिन्यांनी तपासणी होणार म्हणून बाबांनी स्वतःच सगळी कोत ताडली आणि ४७१८ मध्ये ४७८१ चा बोल्ट निघाला. कागदावर हा बोल्ट डेपोत होता. जो इथे असायला हवा तो कुठे आहे ते कोणाला माहीत नाही. त्यांच्या वरच्या माणसानं दार लोटून सांगितलं ते बाबांनी पुढे बऱ्याच वर्षांनी मला जसंच्या तसं सांगितलं. नंबर घासून टाक, सपाट कर, ४७१८ ठोक, काळं कर. तुझ्या हातचं काळं केलेलं ब्रह्मदेवालाही ओळखू येत नाही. आणि हे खरं होतं. बाबांना ते एका दुपारचं काम होतं.

बाबा म्हणाले, "मंग ४७१८ चे दोन बोल्ट होतील, साहेब. एक इथं, एक तिथं. उद्या तो सापडला तर खरा कोणता?"

साहेबांनी विचारलं, कोण शोधणार आहे? बाबांकडे त्याचं उत्तर नव्हतं. त्यांनी लेखी दिलं: माझ्या सहीनं चुकीचा बोल्ट गेला आहे, इथल्या बोल्टचा जुना नंबर रेघेनं रद्द करून नवा ठोकण्याची परवानगी मिळावी, गेज लावून बोल्ट योग्य असल्याची खात्री केली आहे. हे एका कागदावरचं. त्या कागदाची चौकशी झाली. एक वेतनवाढ थांबली आणि बाबांची बदली लांब झाली, दोन वर्षं. परवानगी आली आठ महिन्यांनी. बदलीवर जायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः ४७८१ वर रेघ मारली आणि खाली ४७१८ ठोकला.

त्याच वर्षी ताई बारावी झाली. गणितात तिला चांगले मार्क होते, इंजिनियरिंगचा फॉर्म भरला होता. पण बाबा बाहेरगावी, पगाराचे दोन भाग, आबाजींना गावाहून प्रतापनगरला आणलेले, त्यांचं सगळं अंथरुणात. घराला तेव्हा प्लास्टरही नव्हतं. जयताळ्याकडे सगळी वावरं होती आणि रात्री कोल्हे ओरडत. आई एकटी पुरी पडत नव्हती. ताई घरी राहिली. बी.ए. बाहेरून केलं, मग बी.एड., मग शाळेत लागली. चांगली शिक्षिका झाली, पोरं अजून पाया पडायला येतात. पण एकदा, लग्नाच्या आधी, भांडणात ती बाबांना म्हणाली, "एक नंबर घासला असता तर मी इंजिनियर असते." बाबा काही बोलले नाहीत. जेवत होते, जेवत राहिले. ताईनं ते वाक्य पुन्हा कधी काढलं नाही, आणि ते मिटलंही नाही.

मी कोणाच्या बाजूनं होतो? तेव्हा ताईच्या. बाबांचा मुद्दा मला हट्ट वाटायचा. एक लोखंडाचा दांडा, त्याच्यावरचे चार आकडे, आणि इकडे जिवंत पोरगी. आजही मला हा हिशेब पूर्ण जमत नाही. फक्त एक कळलं आहे. बाबांनी घासलं असतं तर ते निभावलं असतं, पण त्यानंतर कोतीतल्या एकाही नंबरावर त्यांचा स्वतःचा विश्वास उरला नसता. आणि ज्या जवानाच्या गालाला ती रायफल लागणार होती त्याच्याकडे तर त्या नंबराशिवाय दुसरं काही नव्हतं.

बाबा २००२ ला निवृत्त झाले. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सीएसटीवर हल्ला झाला आणि टीव्हीवर सगळे म्हणू लागले की पोलिसांच्या हातात पहिल्या महायुद्धाच्या रायफली होत्या. बाबा आवाज बंद करून नुसती चित्रं पाहत बसले. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला परेडमध्ये निरोप दिला, ती बातमी मात्र त्यांनी कात्री घेऊन कापून ठेवली.

तर तो फोन. ताईचा मुलगा अमेरिकेत इंजिनियर आहे. तिकडे फौजेनं काढून टाकलेल्या जुन्या रायफली साधी माणसं दुकानातून विकत घेतात, लाकूड घासून तेल लावतात, लोखंड काळं करतात, भिंतीवर टांगतात, नेमबाजीला नेतात. हा एक मोठा छंदच आहे. इशापुरी रायफलीही तिकडे पोचलेल्या आहेत. आजोबांच्या नादानं यानं एक घेतली. बॉडीवर मुकुट, इशापूरचं नाव, १९४२. पुढच्या लाकडात आरपार गेलेला स्क्रू. बाबा म्हणाले, "लाकूड फाटू नये म्हून. आपल्याकडचीच आहे." बोल्टवर रेघ मारलेला एक नंबर आणि खाली बॉडीशी जुळणारा दुसरा. सगळे नंबर मूळचे आणि जुळलेले असले तर किंमत जास्त येते. तिकडच्या कायद्याला बॉडीचा नंबर लागतो, बोल्टचा नाही. म्हणून भाच्याचा प्रश्न सरळ होता: वरचा रद्द केलेला नंबर घासून, तिथलं काळं पुन्हा जुळवून आणायचं तर कसं? आजोबांसारखं कोणाला येतं?

दिवाळीची साफसफाई चालली होती म्हणून ताई आमच्याकडेच होती. फोन तिनंच धरला होता. प्रश्न तिनं ऐकला. माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडेही नाही.

बाबांनी आधी विचारलं, "गेज लावलं का त्यानं?"

नव्हतं लावलं. बाबांनी त्याला पंधरा मिनिटं गेजच सांगितलं. तिथल्या परवानाधारक कारागिराकडे ने, तपासल्याशिवाय एकही गोळी टाकू नको, काळं-पिवळं नंतर. मग म्हणाले, "आता तो रेघवाला नंबर वाचून दाखव."

फोटो मोठा केला. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक दिसत नाही. ताईनं चष्मा लावून वाचायला घेतलं. "चार... सात..." ती थांबली. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"पुढचा सहा आहे का नऊ, कळत नाही."

"दोघाचा ठसा एकच राह्यते. पुढं?"

"शून्य."

बाबा मागे टेकले. "नोय," म्हणाले. "तो नोय."

ताईनं विचारलं, "कोणता नोय?"

"आपला नोय."

ताईच्या हातातला फोन हलला, तिकडून भाचा हॅलो हॅलो करत राहिला. चाळीस वर्षं. डेपोत कोणाला सापडला असेल तर त्यानं ४७१८ वर रेघ मारून खाली ४७८१ ठोकला असेल, एवढं बाबांनी मनात धरून ठेवलं होतं. आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. ताईला तर नाहीच.

मग बाबांनी लाकडाचा फोटो मागितला. दस्ता कोरडा पडला आहे म्हणाले, तेल पाहिजे. जवसाचं मिळते का तिकडे? मिळतं, भाचा म्हणाला, डब्यात मिळतं. बाबांना ते पटलं नाही. ताई म्हणाली, "मी पाठवते गावाहून घाणीचं." आणि फोन बंद करायच्या आधी तिनंच मुलाला सांगितलं, "वरचा नंबर राहू दे. आणि ऐक, तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नको. वाळत घाल एकेक."

बाबांनी चहा मागितला.